ऑर्लँडोच्या थीम पार्कात जेवल्यावर टिप किती द्यायची आणि बिलात आधीच लागलेली टिप कशी ओळखायची

ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जाणारे आपले लोक तिकिटं, हॉटेल, कुठली राइड आधी करायची हे सगळं महिनाभर आधी ठरवतात, पण जेवणाचं बिल टेबलावर आलं की त्याच्या तळाशी असलेल्या रिकाम्या ओळीत काय लिहायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. मग कुणीतरी घाईघाईत काहीतरी आकडा लिहून सही करतो. तो आकडा कमी पडला तर वाढणाऱ्याचं नुकसान होतं आणि जास्त झाला तर आपलं, आणि जास्त होण्याचं प्रमाण आपल्याकडे बरंच आहे कारण बिलात टिप आधीच लागलेली असू शकते हे माहीतच नसतं.

आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते म्हणजे मुद्दा लगेच कळेल. आम्ही सातजण होतो, आई-बाबा, मी आणि नवरा, बहीण, तिचा नवरा आणि माझी चार वर्षांची भाची. दिवसभर पार्कात चालून पाय दुखत होते, भाची टेबलावरच पेंगायला लागलेली. बिलाचं काळं फोल्डर आलं ते बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही, आजचं जेवण माझ्याकडून म्हणाले आणि कार्ड दिलं. स्लिप परत आल्यावर त्यांनी टिपच्या रिकाम्या ओळीत ६० डॉलर लिहिले, खाली बेरीज केली, सही केली. रात्री हॉटेलवर मी पर्समधली पावती उघडून बघितली तर जेवण ३१२ डॉलरचं, त्याखाली १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे रेस्टॉरंटने स्वतःच बिलात लावलेली टिप, ५६.१६, त्याखाली टॅक्स २०.२८, एकूण ३८८.४४, आणि त्यावर बाबांचे ६० वेगळे. म्हणजे ३१२ च्या जेवणावर ११६ डॉलरच्या वर टिप गेली, सदतीस टक्के. यात रेस्टॉरंटने काही लपवलं नव्हतं, ओळ छापलेली होती, आम्हीच वाचली नाही. बाबा म्हणाले, राहू दे, त्या पोरीने आपल्या बाळासाठी तीनदा स्ट्रॉ आणून दिली न कंटाळता. ते खरंच होतं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण ६० डॉलर द्यायचेच तर ठरवून द्यावेत, न वाचता जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सहा माणसं झाली की १८ टक्के आपोआप

डिस्ने वर्ल्डच्या टेबल सर्व्हिस रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे जिथे तुम्ही बसता आणि सर्व्हर ऑर्डर घेऊन जेवण आणून देतो तिथे, ६ किंवा जास्त माणसांचा ग्रुप असेल तर बिलात १८ टक्के ग्रॅच्युइटी आपोआप लागते. दोन कुटुंबं एकत्र गेली की सहा सहज होतात, आणि आई-बाबा भारतातून आलेले असले तर नक्कीच. वेगवेगळी बिलं मागितली तरी टेबल एकच धरलं जाणार असं गृहीत धरा, ती १८ टक्के चुकवण्यासाठी तीन-तीन जणांची दोन रिझर्वेशन वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, पाच जणांनासुद्धा तेवढीच टिप द्यायची पद्धत आहे त्यामुळे वाचत काहीच नाही, वर दोन टेबलं लांब लांब मिळतात.

बिलात ती ओळ कुठे शोधायची? पदार्थांची यादी संपली की सबटोटल म्हणजे टॅक्सआधीची बेरीज, मग टॅक्स, आणि त्याच्या आसपासच ग्रॅच्युइटी किंवा सर्व्हिस चार्ज असा शब्द. फ्लोरिडाच्या कायद्यात, कलम ५०९.२१४ मध्ये, असं आहे की रेस्टॉरंट आपोआप ग्रॅच्युइटी लावत असेल तर ते मेन्यूवरही लिहिलेलं हवं आणि बिलावरही. त्यामुळे मेन्यू हातात आला की शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बघायची सवय लावा. आणि वाचून कळलं नाही तर सरळ विचारा, इज ग्रॅच्युइटी इन्क्लुडेड? यात लाजण्यासारखं काही नाही, अमेरिकन लोकही विचारतात, सर्व्हर नीट उत्तर देतात.

गोंधळ कुठे होतो तर ग्रॅच्युइटी लागलेली असली तरी खाली टिपची रिकामी ओळ तशीच असते. काही ठिकाणी तिच्या आधी अॅडिशनल असं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नुसतंच टिप. रिकामी ओळ दिसली की भरायलाच पाहिजे असं आपल्याला वाटतं, फॉर्म भरायची सवय असते ना. पण १८ टक्के लागलेले असतील तर त्या ओळीवर आडवी रेघ मारायची, खाली एकूण आकडा जसाच्या तसा लिहायचा आणि सही करायची, झालं. रेघ माराच, मोकळी सोडू नका.

चौघं असाल तर हिशोब तुम्हालाच करायचाय

पाच किंवा कमी माणसं असतील तर बहुतेक ठिकाणी काही लागलेलं नसतं आणि सगळं तुमच्यावर असतं. बसून जेवायच्या ठिकाणी १८ ते २० टक्के हे सध्या नॉर्मल समजलं जातं. पंधरा दिले तर कुणी मागे धावत येणार नाही, पण पंधरा हा आता काहीतरी बिनसलं होतं असं सांगणारा आकडा झालाय. टक्केवारी टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढायची, टॅक्सवर टिप द्यायची गरज नाही.

डोक्यातल्या डोक्यात करायचं असेल तर, समजा सबटोटल १८० डॉलर आहे, एक शून्य उडवा म्हणजे १८, हे झाले दहा टक्के, दुप्पट करा, ३६, हे वीस. दुसरी एक युक्ती मला फार आवडते, ऑर्लँडोच्या ऑरेंज काउंटीत सेल्स टॅक्स साडेसहा टक्के आहे, म्हणून बिलावर छापलेल्या टॅक्सला तीनने गुणलं की साडेएकोणीस टक्के होतात. १८० वर टॅक्स ११.७०, गुणिले ३ म्हणजे ३५.१०, पस्तीस लिहून टाका, एकूण २२६.७०. कॅल्क्युलेटर काढायला लागत नाही आणि टॅक्सवर टिपही जात नाही.

बिलाच्या तळाशी किंवा सर्व्हरने समोर धरलेल्या छोट्या मशीनवर १८, २०, २२ असे तयार पर्याय दाखवतात. ते सोयीचे आहेत पण ते कशावर काढलेत ते एकदा बघून घ्या, काही ठिकाणी टॅक्ससकट रकमेवर काढलेले असतात. फरक दोन-तीन डॉलरचा असतो, त्यासाठी वाद घालायची गरज नाही, फक्त माहीत असावं. आणि मशीनवर सुद्धा आधी वर स्क्रोल करून ग्रॅच्युइटी लागलीय का ते बघायचंच.

पासवर किंवा कसल्या ऑफरवर डिस्काउंट मिळाला असेल तर टिप मूळ रकमेवर द्या. सवलत तुम्हाला कंपनीने दिलीय, सर्व्हरने ताटं तेवढीच उचललीत.

मुळात एवढी टिप का

हे समजलं की पैसे देताना मन खट्टू होत नाही, निदान माझं तरी व्हायचं थांबलं. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरूनही साधा किमान पगार भरला नाही तर फरक मालकाने द्यायचा असं कायदा म्हणतो, पण सगळी मांडणीच अशी आहे की पगाराचा मोठा हिस्सा गिऱ्हाइकाच्या खिशातून यावा. फ्लोरिडात परिस्थिती त्याहून बरी आहे. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये किमान वेतन वाढवायला कौल दिला, त्यानुसार ३० सप्टेंबर २०२५ पासून साधा दर १४ डॉलर आणि टिप मिळणाऱ्यांचा १०.९८, आणि ३० सप्टेंबर २०२६ पासून १५ आणि ११.९८. म्हणजे प्रत्येक तासाला ३.०२ डॉलर हे टिपमधून येतील असं कायद्यानेच धरलेलं आहे. कॅलिफोर्नियात असं धरायची परवानगी नाही, अनाहाइमच्या डिस्नेलँडमधल्या सर्व्हरला पूर्ण किमान पगार मिळतो, तरी टिपची पद्धत तिथेही तीच आहे, तिथे जाऊन वेगळं वागायला नको. फक्त वरची टॅक्सची युक्ती तिथे बदलते, अनाहाइममध्ये टॅक्स ७.७५ टक्के, म्हणून अडीचने गुणायचं.

शिवाय तुम्ही दिलेली टिप सगळी त्या एका माणसाकडे राहत नाही. टेबल पुसणारा, पाणी भरणारा, बारमधला अशांना त्यातला वाटा द्यायची पद्धत बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये आहे. मॅनेजरने मात्र त्यातून घ्यायचं नाही, २०१८ च्या दुरुस्तीने ते केंद्राच्या कायद्यातच आलंय.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा कळली. आपोआप लागलेली १८ टक्के ही टॅक्सवाल्यांच्या दृष्टीने टिपच नाही. टिप म्हणजे गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेली, आकडा त्याने ठरवलेला, अशी व्याख्या आहे. आयआरएसने, म्हणजे तिथल्या केंद्राच्या कर खात्याने, २०१२ मध्ये हे स्पष्ट केलं आणि जानेवारी २०१४ पासून कडकपणे लागू केलं की बिलात सक्तीने लावलेली रक्कम हा सर्व्हिस चार्ज आहे, तो मालकाचं उत्पन्न धरायचा आणि कामगाराला दिला तर पगार म्हणून द्यायचा. आणि ४ जुलै २०२५ ला जो कायदा झाला, ज्याला लोक टिपवर टॅक्स नाही म्हणतात, त्यात २०२५ ते २०२८ या वर्षांत २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपवर केंद्राच्या इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते, पण फक्त स्वखुशीच्या टिपवर, सक्तीच्या सर्व्हिस चार्जवर नाही. म्हणून एखाद्याने खरंच फार छान केलं असेल, म्हाताऱ्या माणसांना नीट सांभाळून घेतलं, शाकाहारी म्हटल्यावर शेफला बाहेर बोलावून आणलं, तर १८ च्या वर मी पाच-दहा डॉलर वेगळे देते, हे अगदी ऐच्छिक आहे पण त्या माणसाला ते जास्त उपयोगी पडतात. बाबांच्या ६० डॉलरबद्दल मला शेवटी समाधान वाटलं ते याच्यामुळेच.

कुठे द्यायची, कुठे अजिबात नाही

क्विक सर्व्हिस, म्हणजे काउंटरवर ऑर्डर द्यायची किंवा अॅपवरून मागवून ट्रे उचलायचा, डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कातलं कॉस्मिक रेज किंवा अॅनिमल किंगडममधलं फ्लेम ट्री बार्बेक्यू असं, तिथे टिप द्यायची नाही. अपेक्षाच नसते आणि नोट पुढे केली तर काउंटरवरची मुलं बहुतेक वेळा नको म्हणतात. आइस्क्रीमची गाडी, पॉपकॉर्न, तेही तसंच. दारू विकणाऱ्या स्टॉलवर कधी कधी मशीनवर टिपची ओळ येते, बिअर ओतून दिली तर एखादा डॉलर देतात काहीजण, नाही दिला तरी चालतं. बसायच्या बारमध्ये मात्र ड्रिंकमागे एक-दोन डॉलर किंवा बिलाच्या १८-२० टक्के द्याच.

मधल्या जागा लोकांना जास्त गोंधळात टाकतात. युनिव्हर्सलमध्ये, म्हणजे ऑर्लँडोच्याच दुसऱ्या थीम पार्कात, लीकी कॉल्ड्रन नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे ऑर्डर काउंटरवर द्यायची आणि जेवण मात्र टेबलावर आणून देतात. हे क्विक सर्व्हिसच, टिप अपेक्षित नाही. युनिव्हर्सलच्या बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये टिप बाहेरच्यासारखीच, आणि तिथे डिस्नेचा सहाचा नियम धरून चालू नका, मेन्यूवर काय लिहिलंय ते वाचा.

बुफे आणि कॅरेक्टर डायनिंग, म्हणजे जिथे मिकी-गूफीसारखी पात्रं टेबलापाशी भेटायला येतात, शेफ मिकीज, टस्कर हाउस, बोमा वगैरे. इथे बरेच जण म्हणतात आपण स्वतःच वाढून घेतलं मग टिप कसली. पण सर्व्हर असतोच, तो पेयं आणतो, रिकाम्या प्लेटा उचलतो, आणि चार मुलं असलेल्या टेबलावर प्लेटा किती होतात ते बघा एकदा. त्याच्या हाताखाली तशी अनेक टेबलं असतात. मी बुफेलाही १८ देते, पंधरा दिले तरी तिथे कुणाला खटकत नाही. सहा माणसांना १८ चा नियम बुफेलाही लागतो. मिकी आणि गूफीला मात्र काही द्यायचं नसतं, मुलांनी खाऊ म्हणून नोट पुढे केली तर प्रेमाने थांबवा.

अॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातलं सना हे रेस्टॉरंट आपल्या लोकांचं आवडतं, नानबरोबर वेगवेगळ्या चटण्या येतात ती ब्रेड सर्व्हिस खायला लोक लांबून जातात. तिथे काही कुटुंबं फक्त ब्रेड सर्व्हिस मागवून दीड तास बसतात, खिडकीतून जिराफ दिसतात त्यामुळे मुलं उठतच नाहीत. अशा वेळी बिल छोटं होतं आणि टक्केवारीने टिप पण छोटी होते, तेव्हा थोडं सढळ हाताने द्या, टेबल तुम्ही अडवलेलं असतं.

डिनर शो, म्हणजे जेवता जेवता बघायचा गाण्या-नाचाचा कार्यक्रम. डिस्नेच्या फोर्ट वाइल्डरनेसमधला हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यू १९७४ पासून चालू आहे, त्याच्या तिकिटातच टॅक्स आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. तिथे पुन्हा द्यायची गरज नाही.

डायनिंग प्लॅन हा एक फसवा शब्द आहे. २०२४ मध्ये डिस्नेने तो परत सुरू केला, आधीच पैसे भरायचे आणि मग क्रेडिट वापरून जेवायचं. लोक समजतात सगळं भरून झालं, खिशातून काही जाणार नाही. पण बसून जेवायच्या ठिकाणी टिप त्यात नसते, डिनर शोसारखे अपवाद सोडले तर. सर्व्हर बिल आणतो, त्यावर जेवणाची किंमत दिसते, त्यावर टिप काढून वेगळी द्यायची, आणि सहा माणसं असाल तर १८ टक्के लागलेलेच असतात. दिवसाला एक टेबल सर्व्हिस धरली तर आठवड्याच्या ट्रिपला ही रक्कम बरीच होते, बजेट करताना वेगळी ओळ टाका.

डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्या दुकानं-रेस्टॉरंटच्या भागात बरीच रेस्टॉरंट बाहेरच्या कंपन्या चालवतात, त्यामुळे नियम प्रत्येकाचा वेगळा. काउंटरवर सुद्धा टिपची स्क्रीन समोर येऊ शकते, तिथे नो टिप दाबायला अजिबात संकोच करू नका. रूमवर जेवण मागवलं तर डिलिव्हरी चार्ज आणि ग्रॅच्युइटी बहुधा दोन्ही लागलेली असतात, डिलिव्हरी चार्ज म्हणजे टिप नाही, पण शेजारची ओळ वाचा म्हणजे दोनदा देणार नाही.

सर्व्हिस वाईट झाली तर

जेवण उशिरा आलं म्हणून सर्व्हरची टिप कापू नका, स्वयंपाकघरातला उशीर त्याच्या हातात नसतो. सर्व्हरच गायब होता, उद्धट बोलला, अॅलर्जी सांगूनही दुर्लक्ष केलं तर सही करायच्या आधी मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे सांगा. आपोआप लागलेल्या १८ टक्क्यांबद्दलही तेव्हाच बोलायचं, सही झाल्यावर घरी येऊन मेल पाठवत बसण्यात अर्थ नसतो. काही न बोलता शून्य लिहून निघून जाणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण समोरच्याला कळतच नाही काय चुकलं, तो समजतो बाहेरून आलेल्यांना पद्धत माहीत नाही आणि पुढच्या वेळी आपल्यासारखं कुटुंब दिसलं की त्याच्या मनात तेच राहतं.

पैसे देताना

कार्डने देत असाल तर दोन स्लिपा येतात. एक रेस्टॉरंटची, तिच्यावर टिप, एकूण आणि सही, आणि ती टेबलावर ठेवून जायची. दुसरी आपली, तिच्यावर तेच आकडे लिहून पर्समध्ये टाका. बाबा उलटं करत होते, सही केलेली घेऊन निघाले होते, मी थांबवलं. डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल आणि रूमवर चार्ज करायची सोय चालू केली असेल तर मॅजिकबँड, म्हणजे डिस्नेचा मनगटावरचा पट्टा, टेकवून पिन टाकता येतो, टिपही त्याच बिलात लिहिता येते. कॅश द्यायची असेल तर बिल कार्डने भरा, टिपच्या ओळीवर कॅश असं लिहा आणि नोटा फोल्डरमध्ये ठेवा. नाण्यांची चिल्लर टेबलावर सोडून उठू नका, तिथे तो अपमान समजतात.

भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर हे लक्षात ठेवा की कार्ड घासलं जातं तेव्हा टिप लिहिलेलीच नसते. आधी टिपशिवायची रक्कम अडकते, टिप नंतर जोडून फायनल आकडा दोन-चार दिवसांनी येतो. म्हणून कार्डात पंचवीस टक्के जास्त शिल्लक ठेवा, आणि मोबाइलवर आलेला पहिला मेसेज बघून टिप गेली नाही असं समजून परत रोख देऊ नका. आपली स्लिप घरी जाईपर्यंत जपा, स्टेटमेंट आलं की तिच्याशी ताडून बघा, आकडा जास्त दिसला तर स्लिपचा फोटो घेऊन आधी रेस्टॉरंटला फोन करा, बँकेकडे त्यानंतर जा.